‘आई, तू निगेटिव्ह आहेस’

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच काळजीची आहेत. मुलं कुठल्यातरी ग्रुपच्या नादी लागली आहेत किंवा लागतील अशी भीती आहे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. पत्रं थोडी छोटी केलीत आणि कोणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात आहे, होस्टेलला राहतो. पहिले दोन महिने रोज रात्री फोन करायचा, करमत नाही, कोणी ओळखीचं नाही म्हणायचा, मग अचानक फोन कमी झाले. दिवाळीला घरी आला तर बोलणंच वेगळं. होस्टेलच्या एका सीनिअरने त्याला सेमिनारला नेलं होतं, आता दर रविवारी जातो, कोट घालून. मेसचे आणि फीच्या दुसऱ्या हप्त्याचे मिळून ४५ हजार त्याने तिकडे भरलेत हे मला नंतर कळलं. कंपनी विकते काय असं विचारलं तर म्हणतो, आई तू निगेटिव्ह आहेस, आमचे सर सांगतात घरचेच लोक आधी पाय ओढतात. त्याचे बाबा म्हणतात फोन काढून घे, नाव काढ कॉलेजातून, शेतात राबू दे. मला तर रडूच आवरत नाही. – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘घरचेच लोक आधी पाय ओढतात’ हे वाक्य मी परत परत वाचलं, कारण हे वाक्य तुमच्या मुलाचं नाहीये, ते त्याला कोणीतरी आधीच पाठ करून दिलंय. आई काळजीने चार प्रश्न विचारणार हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं, म्हणून ते आधीच सांगून ठेवतात की बघ, घरी गेलास की असं असं विचारतील, आणि तुम्ही खरंच तसं विचारलंत की पोराला वाटतं सरांनी सांगितलं ते तंतोतंत खरं निघालं. तुमची काळजी हाच त्यांचा पुरावा होऊन बसतो. म्हणून तुम्ही जितकं ओरडाल तितका तो त्यांच्या जवळ जाईल. त्याच्या बाबांचा राग मला कळतो, घामाचे पैसे आहेत, पण फोन काढून घेतला तर सरांचं भाकीत पुरतं खरं ठरेल, तेव्हा एवढं कृपा करून करू नका.

दुसरं म्हणजे तुमचा मुलगा मूर्ख नाही आणि हावराही नाही. बारावीपर्यंत वर्गात सगळे ओळखायचे, इथे कोणी विचारत नाही, रात्री करमत नाही, आणि तेवढ्यात एक सीनिअर येतो, कटिंग पाजतो, नावाने हाक मारतो, तुझ्यात लीडर दिसतो म्हणतो. त्या वयात, तसल्या एकटेपणात, हे ऐकून किती बरं वाटलं असेल याचा विचार करा. असे ग्रुप माणसाला गाठतात ते अशाच दिवसांत, घर सुटल्यावर, मार्क कमी पडल्यावर, ब्रेकअप झाल्यावर, घरात कोणी गेल्यावर. त्याला तिथे पैशाआधी माणसं मिळालीत, आणि तुम्ही पैशाबद्दल भांडताय, म्हणून दोघांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीये.

आता त्या धंद्याचं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ही साखळी योजना दिसते, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग नवीन माणसं आणून त्यांच्या पैशातून कमवायचं. अशा ठिकाणी पहिल्याच आठवड्यात १०० ओळखीच्या लोकांची यादी करायला लावतात, फोनवर काही सांगू नको फक्त ‘ये’ म्हण असं शिकवतात, मग तिथे वरचे लोक ‘प्लॅन दाखवतात’. त्याला सुट्टीत शेजारी बसवा आणि गणित मांडायला लावा, तुम्ही सांगू नका, पेन त्याच्याच हातात द्या. समजा प्रत्येकाने फक्त ६ जण आणायचे. ६ चे ३६, मग २१६, १,२९६, ७,७७६ असं वाढत अकराव्या पायरीला ३६ कोटी २७ लाख माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटीच्या आसपास होती. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी लागतात, एवढी माणसं पृथ्वीवरच नाहीत. म्हणजे शेवटच्या पायऱ्यांवरच्या पोरांना खाली आणायला कोणी मिळणारच नाही, आणि कुठल्याही क्षणी सगळ्यात जास्त लोक शेवटच्या पायऱ्यांवरच असतात. यात कोणाची मेहनत कमी पडली असं काही नसतं, पण पोरांना मात्र तेच सांगितलं जातं की तू पुरेसं झोकून दिलं नाहीस.

मग त्याला एकच गोष्ट विचारा, भांडणाच्या सुरात नको, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा, की तुमच्या कमाईतला किती भाग बाहेरच्या गिऱ्हाइकाला वस्तू विकून येतो आणि किती नवीन माणूस आणल्यावर येतो. माल नावापुरता आणि पैसा माणसं आणण्याचा असेल तर मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्याने तो गुन्हा ठरतो, आणि डायरेक्ट सेलिंगसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांतही अशा साखळी म्हणजेच पिरॅमिड योजनेला मनाई आहे. गेलेल्या पैशाबद्दल पोलिसांत तक्रार देता येते, ऑनलाइन भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, तिथे उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं. पुढची फी कॉलेजच्या खात्यात तुम्ही स्वतः भरा. मेसचेही थेट मेसवाल्यांना द्या. आणि लोन ॲपवरून काही उचललंय का एवढं प्रेमाने काढून घ्या, कारण ‘भांडवल कमी पडतंय’ म्हणून पोरांना तिकडे ढकलल्याचं मी पाहिलंय.

माझ्या मामेभावाचं सांगते. कॉलेजात असताना तो असाच एका साखळीत गेला, माझ्या वडिलांकडूनही पैसे नेले, आणि दीड वर्षात त्याला सगळं कळून चुकलं होतं. पण मामा घरात रोज म्हणायचा, येऊ दे परत, मग बघतो. त्याला वाटायचं घरी गेलो की पहिलं वाक्य ‘मी सांगितलं होतं ना’ हेच ऐकायला लागणार, आणि त्या एका वाक्याच्या भीतीने तो अजून चार वर्षं तिथेच राहिला. चार वर्षं. मामी गेली तेव्हा आला. मी या कामात पडले त्याचं एक कारण तो आहे.

याच्या उलट एक गोष्ट आहे. स्टीव्हन हसन म्हणून अमेरिकेतले एक समुपदेशक आहेत, १९७४ मध्ये न्यूयॉर्कला कॉलेजात शिकत असताना ते सन म्युंग मून या कोरियन धर्मगुरूच्या युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथात ओढले गेले. आधी भेटले ते गोड बोलणारे विद्यार्थीच वाटले. हळूहळू शिक्षण सुटलं, घर सुटलं, झोपही सुटली. १९७६ मध्ये जागरणामुळे गाडी चालवतानाच डोळा लागला आणि मोठा अपघात झाला. हॉस्पिटलात बरेच दिवसांनी नीट झोप मिळाली, ग्रुपची माणसं सतत आजूबाजूला नव्हती, तेव्हा त्यांनी फोन केला तो बहिणीला, कारण तिने त्यांना तोडलं नव्हतं. तिथून सुटकेची सुरुवात झाली. पुढचं आयुष्य त्यांनी अशा लोकांना बाहेर काढण्यात घालवलं.

ताई, तुमच्या घरात त्या बहिणीचं काम कोणीतरी करायला हवं. बाबांना जमत नसेल तर तुम्ही करा. रविवारी सेमिनारहून आल्यावर फोन करा आणि जेवलास का एवढंच विचारा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, यंदा ढोल पथकात गेली. जुलैपासून रोज तीन तास सराव, सगळ्यांचे एकसारखे कुर्ते, ‘दादा’ सांगतील ते प्रमाण, उशीर झाला तर शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या. घरी आली की तोंडात फक्त पथक. तुम्ही मागे जी लक्षणं लिहिली होती, एकसारखे कपडे, शिस्त, नेता, सगळा वेळ ग्रुपला, ती सगळी इथे दिसतात. मी काळजी करू का? – एक वडील, पुणे

उत्तर : चांगला प्रश्न विचारलात, आणि मागे मी लिहिताना घाई केली हेही मान्य करते. कपडे, घोषणा, शिस्त, एकत्र घाम गाळणं, हे तर पथकात असतं, एनसीसीत असतं, क्रिकेटच्या कॅम्पात असतं, पालखीबरोबर चालणाऱ्या दिंडीतही असतं. मुलांना हे हवं असतं आणि मिळायलाही हवं. ज्या पोराला असं काहीतरी चांगलं मिळतं ते बाहेरच्या भलत्या हाकेला सहसा ओ देत नाही.

मी आता लक्षणं मोजत नाही, बाहेर पडायचं दार बघते. मुलगी म्हणाली की दादा, पुढच्या आठवड्यात युनिट टेस्ट आहे, येणार नाही, तर काय होतं? फार तर मिरवणुकीत मागच्या रांगेत टाकतील. विसर्जन झालं की ढोल कपाटात जातात आणि मुलगी परत तुमच्या घरात येते. जी पोरं पथक सोडून गेली त्यांच्याबद्दल काय बोलतात ते ऐका, ती वादनाच्या दिवशी भेटायला येतात, त्यांना मिठी मारतात, की त्यांचं नाव काढलं तरी गद्दार म्हणतात? वर्गणीचा हिशोब मागितला तर दाखवतात का? दिंडीत आळंदीपासून चाललेला माणूस सासवडला पाय दुखले म्हणून एसटीने घरी गेला तर कोणी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत नाही, पुढच्या वर्षी ये माउली म्हणतात. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारत सुटायचे आणि लोकांना विचार करायला लावायचे, स्वतःचे शिष्य जमवायचं त्यांनी कायम टाळलं. आपल्याकडे चांगल्या ग्रुपचे नमुने भरपूर आहेत, ते मुलांना दाखवावेत.

एक मात्र बघून ठेवा. कुठला दादा एकट्या मुलीला सराव संपल्यावर थांबवतो का, ‘हे घरी सांगू नको’ असं म्हणतो का, रात्री उशिरा पर्सनल चॅट करतो का. तसं असलं तर मग पथक कितीही नावाजलेलं असू दे, त्याच दिवशी बोला.

प्रश्न : मी कोकणात माध्यमिक शाळेत शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना या विषयावर काहीतरी द्यावं असं वाटतं, पण भाषण दिलं की मुलं जांभया देतात आणि ‘सर आम्ही नाही फसणार’ म्हणतात. महिन्याला एक मोकळा तास माझ्या हातात आहे. काय करू? – एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : सर, ‘आम्ही नाही फसणार’ तिथूनच सुरू करा, कारण फसलेला प्रत्येक जण आधी हेच म्हणत होता. मुलांच्या डोक्यात असं असतं की अशा ग्रुपात जातात ते अडाणी किंवा वेडे. तर त्यांना जपानची गोष्ट सांगा. १९८४ मध्ये टोकियोत शोको असाहारा नावाच्या माणसाने योगाचा क्लास काढला. योगाचाच. त्यातून पुढे ओम शिनरिक्यो नावाचा पंथ झाला, त्यात मोठमोठ्या विद्यापीठांतले शास्त्र शिकलेले तरुण होते, हृदयाचं ऑपरेशन करणारा डॉक्टर होता. आणि २० मार्च १९९५ ला सकाळी गर्दीच्या वेळी या शिकलेल्या लोकांनी टोकियोच्या मेट्रोच्या ५ गाड्यांमध्ये सरीन हा विषारी वायू सोडला. १३ माणसं तेव्हा गेली, हजारोंना बाधा झाली. तो डॉक्टरही वायू सोडणाऱ्यांत होता. असाहारा धरून १३ जणांना २०१८ मध्ये फाशी झाली. वर्गात एवढं सांगून थांबा आणि विचारा, योगाच्या क्लासला पहिल्या दिवशी जाताना त्या डॉक्टरला माहीत होतं का आपण काय करणार आहोत? मुलं गप्प होतात. मी तीन-चार शाळांत हे केलंय, शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकतात.

मग तो माणूस तिथपर्यंत गेला कसा, तर पायरी पायरीने. यासाठी एक प्रयोग सांगा. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं की ‘गाडी जपून चालवा’ असा एक मोठा बेढब बोर्ड तुमच्या अंगणात लावू का. शंभरातले सतराएक जण हो म्हणाले. पण ज्यांच्याकडून दोन आठवडे आधी फक्त एक इवलीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले शंभरात ७६ हो म्हणाले. मुलांना आपल्या आयुष्यातली अशी छोटी पाटी शोधायला लावा. फक्त ग्रुपला ॲड हो, फक्त एकदा ये, फक्त ५०० रुपये भर, फक्त एक फोटो पाठव. मुलं स्वतःच इतकी उदाहरणं देतील की तास पुरणार नाही.

दुसऱ्या तासाला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा रेषांचा प्रयोग घ्या, १९५१ चा आहे, साहित्य म्हणून फक्त दोन कार्डं लागतात. एका कार्डावर एक रेष, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिल्याएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचं, इतकं सोपं की बालवाडीतलं पोर सांगेल. खोलीत आठएक जण, पण त्यातला खरा फक्त एकच, बाकीचे आधीच पढवलेले, ते सगळे ठरवून चुकीची रेष सांगतात. अशा वेळी त्या एकट्या माणसांपैकी साधारण चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून बाकीच्यांचं चुकीचं उत्तर दिलं. पण या प्रयोगाचा पुढचा भाग बहुतेक जण सांगतच नाहीत आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, फक्त एकाने, की त्या माणसाच्या चुका एकदम खाली यायच्या. म्हणजे तुमच्या वर्गात एका मुलाने ‘मला नाही पटत’ म्हटलं तर तो स्वतःबरोबर अजून एकाला वाचवतो. आणि म्हणूनच असे ग्रुप पहिल्यांदा काय तोडतात तर तुमचा तो एक मित्र.

वर्गात करताना एकाच मुलाला फसवून त्याला सगळ्यांसमोर हसू नका, ते पोर महिनाभर विसरणार नाही. सगळ्यांना आधी सांगून, पाळीपाळीने त्या जागेवर बसवा. खेळ आहे हे माहीत असूनसुद्धा छातीत कसं धडधडतं ते मग त्यांनाच बोलू द्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावात रॉन जोन्स नावाच्या इतिहासाच्या शिक्षकाने, जर्मन लोक हिटलरच्या मागे कसे गेले हे समजावण्यासाठी वर्गातच एक चळवळ सुरू केली, ताठ बसा, उभं राहून थोडक्यात उत्तर द्या, खास सलाम करा, मेंबरशिपची कार्डं, नियम मोडणाऱ्याची चुगली करा. तीसेक मुलांचं पाच दिवसांत दोनशेच्या आसपास गेलं आणि त्यालाच घाबरून ते बंद करावं लागलं. गोष्ट म्हणून जरूर सांगा, मुलं थरारून ऐकतात. पण करून बघण्याचा मोह नको, मुलांच्या विश्वासाशी असं खेळू नये असं माझं ठाम मत आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

तिसरा तास बोलण्याच्या सरावाचा ठेवा. ‘नाही’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडात बसलेलाच नसतो. लहानपणापासून शहाणं मूल म्हणजे ऐकणारं मूल, पाहुण्यांसमोर गाणं म्हण, काकांच्या पाया पड, उलट बोलू नको. आणि मग सोळाव्या वर्षी आपण अपेक्षा करतो की याने एका गोड बोलणाऱ्या, वयाने मोठ्या, चार लोकांसमोर आग्रह करणाऱ्या माणसाला नाही म्हणावं. कसं म्हणेल, त्याने कधी म्हटलंच नाहीये. म्हणून जोड्या करा, एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नाही म्हणायचं, कारण न देता. कारण दिलं की समोरचा ते कारण खोडतो, हे पोरांना दोन मिनिटांत कळतं. ‘आत्ता ठरवत नाही, आठ दिवसांनी सांगतो’ हे वाक्य तर प्रत्येकाकडून दहा वेळा मोठ्याने म्हणून घ्या. चांगला क्लास, चांगली नोकरी, चांगला माणूस आठ दिवस थांबतो. आजच, आत्ताच, शेवटच्या तीन जागा असं जिथे असतं तिथे काहीतरी लपवायचं असतं.

सर, एवढं सगळं केल्यावर कोणीतरी मुलगा उठून तुम्हालाच म्हणेल की सर तुमचं हे मला पटलं नाही. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो ते अख्खा वर्ग बघत असेल. तेव्हा त्याला शाबास म्हणा आणि खरंच त्याचं ऐका.

प्रश्न : आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाला एक बाबा ‘अंगातली शक्ती’ सांगून लुटतोय, मुलीला एकटीला विधीला बसवा म्हणतोय. श्रद्धेचा विषय आहे म्हणून पोलीस घेणार नाहीत असं सगळे म्हणतात. खरं का? – एक वाचक, बीड

उत्तर : नाही, घेतात, घ्यायलाच लागतं. महाराष्ट्रात यासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे, नरबळी आणि अघोरी प्रथा व जादूटोण्याच्या विरोधातला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं तो मागितला, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणं, भीती घालणं, लैंगिक शोषण करणं यात बसतं, शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आहे. देवपूजा, वारी, भजन-कीर्तन याला हा कायदा हात लावत नाही, हे नातेवाईकांना आवर्जून सांगा, कारण त्यांना तीच भीती असते. मुलगी १८ च्या आत असेल आणि असा काही प्रकार झाला असेल तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरोधातला पॉक्सो कायदाही लागतो. मुलीला एकटीला बसवा म्हणतोय ना, मग पुढच्या अंकाची वाट बघू नका, आजच पोलिसांच्या ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची आहे, बारावी आणि नीटची तयारी करते, घरापासून लांब राहते. क्लासच्या एका मुलीमुळे मी ध्यानाच्या ग्रुपमध्ये गेले. सुरुवातीला खूप छान वाटायचं, झोप लागायला लागली, दीदी खूप प्रेमाने बोलायच्या. नंतर रोज वहीत आपले दोष लिहायचे आणि त्याचा फोटो दीदींना पाठवायचा असं सुरू झालं. मी सगळं लिहिलंय, घरचं पण, एका मुलाबद्दल पण. आता त्या म्हणतात माझ्या रूममेटची ऊर्जा वाईट आहे, तिच्याशी बोलू नको, मी तीन महिने तिच्याशी बोलले नाहीये. दर गुरुवारी रात्री बसायचं असतं, अभ्यास होत नाही. मला सोडायचंय पण एकजण सोडून गेली तिच्या वडिलांचा ॲक्सिडेंट झाला असं सांगतात. आणि माझ्या वहीचे फोटो त्यांच्याकडे आहेत. माझंच काहीतरी चुकतंय का? – नाव नको

उत्तर : बाळा, आधी हे ऐक. तुझं काही चुकलं नाही. तुला झोप लागत नव्हती, तू मदत शोधलीस, हे शहाणपणाचंच केलंस. आणि सुरुवातीला जे शांत वाटलं ते खरं होतं, डोळे मिटून शांत बसलं की वाटतंच, ते दीदींनी दिलेलं नाहीये, ते तुझं आहे आणि सोडून आलीस तरी तुझ्याजवळच राहील. 

ॲक्सिडेंटचं बोलू. एवढ्या मोठ्या ग्रुपात लोक येतात जातात, त्यातल्या कोणाच्या तरी घरी काही ना काही वाईट घडतंच, सोडणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्याही. राहणाऱ्यांच्या घरचं वाईट झालं तर काय सांगतात आठव, परीक्षा बघतोय, कर्म फिटतंय, असंच ना? म्हणजे काहीही झालं तरी ग्रुपच बरोबर. तुझ्या सोडण्याने तुझ्या बाबांच्या गाडीला काहीही होणार नाही. रात्री भीती वाटेल, पोटात गोळा येईल, तरी होणार नाही.

वहीचं तुला सगळ्यात जास्त टोचतंय हे कळतंय. दोष लिहून घेणं हा फार जुना मार्ग आहे, माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून देतो आणि रोज लिहून लिहून त्याला खरंच वाटायला लागतं की आपण वाईट आहोत. तू लिहिलंस ते एका सतरा वर्षांच्या मुलीचं साधं मन आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही असेल असं मला वाटत नाही. आणि ते बाहेर काढू म्हणून कोणी धमकी दिली तर गुन्हा त्यांचा होतो, तुझा नाही. आजपासून नवीन काही पाठवू नकोस. आधीचे मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून एका मोठ्या माणसाकडे ठेव. तुझ्याकडून कुठल्या कागदावर सही घेतली असेल, ‘आजन्म’ वगैरे काही, तर १८ च्या आतल्या मुलीचा असा करार कायद्याने बंधनकारक नसतो, फाडून टाकावासा वाटला तरी फाडू नकोस, तोही त्या मोठ्या माणसाला दाखव.

तो मोठा माणूस कोण, हे तू ठरव. आई असेल तर उत्तम. आईला सांगणं जड जात असेल तर मावशी, क्लासच्या मॅडम, मोठी चुलत बहीण, कोणीही, पण एकजण हवाच, एकटीने हे करू नकोस. घरातल्या कोणालाच सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, आणि रात्री मन फार सैरभैर झालं तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला बोल, तिथे मराठीतून बोलणारी माणसं मिळतात, पैसे लागत नाहीत.

सोडताना समोरासमोर बसून समजावायला जाऊ नकोस. त्या चार जणी असतील, तू एकटी, आणि त्यांना हे बोलण्याची सवय आहे, तुला नाही. एकच मेसेज टाक, ‘मी यापुढे येणार नाही, कृपया संपर्क करू नका’, कारण लिहू नकोस, आणि ग्रुपमधून बाहेर पड. दोन-तीन जणींचे फोन येतील, कोणी रडेल, कोणी तू किती खास होतीस म्हणेल, कोणी रूमवर येईल. दार उघडायलाच पाहिजे असं काही नाही. पहिल्या गुरुवारी फार चुकल्यासारखं होईल, गाणी आठवतील, आपणच पापी असं वाटेल. हे सगळ्यांना होतं आणि काही आठवड्यांत ओसरायला लागतं, नाही ओसरलं तर वर दिलेल्या नंबरवर परत बोल. त्या गुरुवारी रात्री खोलीत एकटी बसू नकोस, एवढी सोय आत्ताच करून ठेव.

ज्या रूममेटशी तू तीन महिने बोलली नाहीस, तिला आज रात्रीच हाक मार. सगळं समजावून सांगायची गरज नाही, माफीही नंतर मागता येईल. उद्या मेसला बरोबर जाऊया का, एवढं विचार. आणि ती काय म्हणाली ते मला लिहून कळव, मी वाट बघतेय.